मनोरुग्णालयाची वास्तू

शरीरास ज्वर आला असता औषध द्यावे, हे सर्वांस मान्य आहे. परंतु मन आजारी पडले असता रोग्यास कशा जागी ठेवावे, हाही उपचाराचाच प्रश्न होय. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील जुनी मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीतील आहेत. त्या काळी अशा संस्थांचा मुख्य हेतू बंदोबस्त हा असे. उंच भिंती व गजांच्या खिडक्या त्यातूनच आल्या.

निराळा विचारही जुनाच आहे. विल्यम ट्यूक याने १७९६ साली इंग्लंडातील यॉर्क येथे काढलेल्या आश्रमात साखळदंडांऐवजी बाग, मोकळी हवा व कामधंदा यांवर भर होता. निसर्गाच्या या गुणाची एक मोजणी पुढे अमेरिकेत रॉजर उल्रिच यांनी केली. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रोग्यांचा त्यांचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांस तीव्र वेदनाशामके कमी लागली. हे रोगी मनोरुग्ण नव्हते. तथापि परिसराचा प्रकृतीवर परिणाम होतो, एवढे त्यावरून दिसते.

निसर्गाइतकेच महत्त्व आप्तांच्या सहवासास आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात आवारात तंबू ठोकून नातेवाइकांस रोग्यांजवळ राहू दिले. त्यामुळे शुश्रूषा तर होतेच, शिवाय घरच्या माणसांस आजार समजतो आणि रोग्यास परत घरी जाणे सोपे होते.

तेव्हा आपल्याकडील वास्तूस अंगण, ओसरी व आप्तांसाठी चूल हवी. नागपुरास उन्हाळ्यात दाट सावली, तर कोकणात पावसातही फिरता येईल अशी छपराखालची पडवी हवी. बागेत कण्हेर, धोतरा यांसारखी विषारी झाडे मात्र लावू नयेत.

परंतु नुसती परंपरा पुरेशी नाही. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या श्रद्धेने आणलेले २८ मनोरुग्ण ६ ऑगस्ट २००१ रोजी आगीत मृत्यू पावले. साखळ्यांनी बांधलेले असल्याने त्यांस पळता आले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रोग्यास साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले आहे. झाडाची सावली, आप्तांची सोबत व वैद्याचे औषध ही तिन्ही रोग्यास मिळावीत. परंतु त्याचे हातपाय मोकळे असावेत, ही पहिली अट होय.