हळदीचा भाव आणि हळदींतलें सत्त्व

(लेखक : महसूल खात्यांतील एक निवृत्त कारकून)

कोणत्याही मालाचा सौदा करितांना विकणारा व घेणारा ह्या दोघांसही तो माल सारखाच ठाऊक असावा, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. घेणारास मालाचें मर्म ठाऊक आणि विकणारास नाहीं, अशी स्थिति असली म्हणजे तराजूचा कांटा कितीही खरा असो, सौदा खरा होत नाहीं. आपल्या हळदीच्या बाबतींत आज नेमकें असेंच झालें आहे. हा विषय शेतकरी बंधूंपुढें मांडावा, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहीत आहें.

माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. पीकपाहणीचे कागद हातांखालून किती गेले, त्याची गणती नाहीं. त्यांत 'हळद, ४० आर' एवढी नोंद असे. ती राजापुरी कीं सेलम, निचऱ्याच्या जमिनींतली कीं मळीच्या रानांतली, हें कोठेंही लिहिलेलें नसे. सरकारास त्याची गरज नव्हती. परंतु कागदाची ही संवय आम्हां शेतकऱ्यांच्याही अंगीं मुरली. आपण नेहमीं किती पिकलें हें सांगतों; काय पिकलें हें सांगत नाहीं.

निवृत्तीनंतर थोरल्या बंधूंबरोबर मीं घरच्या हळदीकडे लक्ष घातलें. २०२४ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडीं आम्ही सांगलीच्या सौद्यांत माल नेला. खरेदीदाराच्या माणसानें हळकुंड मोडून आंतला रंग पाहिला, दोन हळकुंडें एकमेकांवर वाजवून पाहिलीं, आणि मूठभर हळद कागदाच्या पुडींत बांधून खिशांत टाकली. मीं विचारलें, "अहो, ही पुडी कशाला?"

तो म्हणाला, "टक्का काढायला, काका."

"कसला टक्का?"

"तो धरून तुम्हांला काय करायचंय? तुमचा भाव वजनावर आहे."

त्याच्या बोलण्यांत उद्धटपणा मुळींच नव्हता. खरें होतें तेंच तो बोलला. तरी तें वाक्य घरीं येईपर्यंत मनास टोंचत राहिलें.

त्याच आठवड्यांत दादांच्या जांवयांनीं शहरांतून एक बाटली आणली. दादांचे गुडघे दुखतात, त्यावर हें उत्तम, असें त्यांस कोणी सांगितलें होतें. बाटलीवर 'हळदीचा अर्क' असें छापलेलें. आंत ६० कॅप्सूल, प्रत्येकींत ५०० मिलिग्रॅम अर्क, आणि त्यांत कर्क्युमिन शेंकडा ९५. किंमत ९०० रुपये. मीं जुना कारकून. कागद-पेन्सिल घेऊन बसलों. ६० कॅप्सूलींत अर्क ३० ग्रॅम, म्हणजे कर्क्युमिन साडेअठ्ठावीस ग्रॅम. शेंकडा ४ कर्क्युमिन असलेली वाळलेली हळद धरली, तर एवढ्यासाठीं सुमारें ७१२ ग्रॅम हळद लागते. आमची हळद त्या सौद्यांत १५० रुपये किलोनें गेली होती. म्हणजे ९०० रुपयांच्या बाटलींत हळदीची किंमत सुमारें १०७ रुपये. अर्क काढतांना होणारी घट धरली तरी दीडशेंच्या वर कांहीं जात नाहीं.

बाकीचे पैसे कोणी लुटले, असें मीं म्हणत नाहीं. अर्क काढणें, तपासणें, भरणें, जाहिरात करणें, दुकानदाराचें कमिशन, ह्या सर्वांस खर्च येतो. पण एक गोष्ट त्या हिशेबानें लख्ख दिसली. बाटलीवाल्यास आपल्या मालांतला टक्का ठाऊक होता, पुडी नेणाऱ्यास ठाऊक होता. एका पिकविणारास मात्र तो ठाऊक नव्हता.

टक्का म्हणजे काय?

हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळें येतो, त्यास कर्क्युमिन म्हणतात. फोगेल व पेल्तिए ह्या शास्त्रज्ञांनीं तें १८१५ सालीं प्रथम वेगळें केलें, व त्याची रासायनिक घडण १९१० सालीं निश्चित झाली. सर्व हळदींत तें सारखें नसतें. जात, जमीन, काढणीची वेळ, शिजविण्याची व वाळविण्याची रीति ह्यांप्रमाणें तें बदलतें. मेघालयांतील लाकाडोंग हळदींत तें शेंकडा ७ च्या आसपास असतें, म्हणून ती नांवाजली गेली. आपल्याकडे कसबे डिग्रज येथील हळद संशोधन केंद्रांतून निघालेल्या फुले स्वरूपा जातींत तें शेंकडा ५ च्या आसपास असल्याचें सांगतात. शेंकडा दोन-तीन असलेलीही हळद बाजारांत पुष्कळ येते, आणि वरून पाहतां दोन्ही पिवळ्याच दिसतात.

अर्क काढण्याची रीति अशी. हळद दळून ती द्रावकांत भिजवितात. द्रावक उडवून दिलें म्हणजे दाट राळेसारखा पदार्थ उरतो. त्यांतून कर्क्युमिनचे स्फटिक वेगळे काढितात, ते शेंकडा ९५ पर्यंत शुद्ध असतात. हे कारखाने भारतांतही आहेत. केरळांत तर हा धंदा मोठा आहे. तेथून हा माल परदेशीं जातो. असल्या पदार्थांस 'न्यूट्रास्यूटिकल' म्हणतात. अन्न व औषध ह्यांच्या मधला हा शब्द स्टीफन डिफेलिस ह्या अमेरिकन डॉक्टरांनीं १९८९ सालीं बनविला. अमेरिकेंत १९९४ च्या कायद्यानें असल्या पूरक पदार्थांस औषधांहून वेगळें स्थान मिळालें. बाजारांत आणण्यापूर्वीं त्यांचा गुण सरकारपुढें सिद्ध करावा लागत नाहीं. मात्र गुणाचा दावा छापल्यास, हा पदार्थ कोणताही रोग बरा करण्यासाठीं नाहीं, असेंही छापावें लागतें. बाजार फुगला तो ह्या मोकळिकीमुळें. आपल्याकडे असल्या पदार्थांचे नियम २०१६ सालीं झाले.

हळदीवर हक्क कोणाचा?

ह्या बाजाराची चाहूल आपणांस एका खटल्यानें लागली होती. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरण्यासाठीं हळद वापरण्याबद्दल पेटंट मिळालें. आपल्या आजीबाईनें चिमूटभर हळद जखमेवर दाबली, तो जणूं नवा शोध ठरला! भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असतांना, त्यास हरकत घेतली. संस्कृत ग्रंथ व १९५३ सालचा एक छापील वैद्यकीय लेख अशा जुन्या पुराव्यांच्या जोरावर १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें.

ह्यांत आम्हां कारकुनांस आनंद वाटावा अशी एक गोष्ट आहे. आजीबाईचें ज्ञान सर्वांस ठाऊक होतें, तरी पुरावा म्हणून उपयोगीं पडला तो कागद. जें लिहून ठेविलें होतें, तेंच टिकलें. हा धडा देशानें घेतला, व जुन्या वैद्यकज्ञानाचा मोठा संग्रह संगणकावर नोंदविण्यांत आला. पण तो धडा आपण शेताच्या बांधापर्यंत अजून आणला नाहीं.

सत्त्वाचे गुण व दोष

आतां बाटलीविषयीं. दादांनीं ती पंधरा दिवस घेतली. पुढें नेहमींच्या तपासणीस गेले, तेव्हां डॉक्टरांनीं विचारिलें, "आणखी काय काय घेतां?" दादांनीं बाटलीचें नांव सांगितलें. दादा हृदयविकारासाठीं रक्त पातळ करण्याची गोळी घेतात. डॉक्टरांनीं बाटली त्याच दिवशीं बंद केली. हळदीच्या तीव्र अर्कानें त्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो, असें त्यांनीं समजाविलें.

मीं ह्याविषयीं जें वाचलें तें थोडक्यांत सांगतों. नुसतें कर्क्युमिन पोटांत गेलें तरी रक्तांत फार थोडें उतरतें. १९९८ सालीं बंगळूरच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यांतील पायपेरिन २० मिलिग्रॅम दिलें, तर तें माणसाच्या रक्तांत वीस पटींनीं अधिक उतरतें. म्हणून पुष्कळ कॅप्सूलींत मिऱ्याचा अर्क घालतात. पण अधिक उतरणें म्हणजे अधिक गुण, असें नव्हे. २०१७ सालीं रसायनशास्त्रज्ञांनीं आजवरच्या चांचण्यांचा मोठा आढावा घेतला. काटेकोर तुलनात्मक चांचणींत कर्क्युमिन यशस्वी ठरल्याचें त्यांस आढळलें नाहीं. उलट अमेरिकेंतील यकृततज्ज्ञांनीं २०११ ते २०२२ ह्या काळांतील १० रुग्णांची हकीकत दिली. हळदीच्या पूरक पदार्थांनीं त्यांच्या यकृतास इजा झाली व त्यांतील एक दगावला. इटलीनें २०२२ सालीं असल्या पदार्थांवर इशारा छापणें सक्तीचें केलें.

ह्यावरून घरच्या भाजी-आमटींतली हळद सोडावी, असा अर्थ कोणीं काढूं नये. चिमूटभर मसाला वेगळा आणि शेंकडा ९५ चा अर्क वेगळा. औषधें चालूं असतील त्यानें डॉक्टरांस विचारल्याशिवाय बाटली घेऊं नये, एवढेंच सांगणें. आपणच पिकविलेल्या वस्तूच्या खोट्या स्तुतीनें आपलें घर भुलूं नये.

आपल्या पदरांत काय पडतें?

२०२३-२४ सालीं भारतांत सुमारें ३.०५ लाख हेक्टरांवर १०.७४ लाख टन हळद पिकली. त्याच वर्षीं हळद व हळदीचे पदार्थ मिळून १.६२ लाख टन माल परदेशीं गेला व त्याचे २२ कोटी ६५ लाख डॉलर आले. भागाकार करून पाहा. किलोस सरासरी १ डॉलर ४० सेंट पडतात. जगांतील बहुतेक हळद आपण पिकवितों, पण विकतों मुख्यतः वजनावर.

नांवलौकिकही आपणांस मिळाला आहे. वर्धा जिल्ह्यांतील वायगांव, सांगली व वसमत येथील हळदींस भौगोलिक मानांकन मिळालें. राष्ट्रीय हळद मंडळाचें कामकाज निजामाबाद येथें जानेवारी २०२५ मध्यें सुरू झालें. हें सारें चांगलेंच आहे. परंतु मानांकन गांवास मिळतें. भाव पोत्यास मिळतो. त्या पोत्यांत काय आहे, हें पोत्याच्या धन्यास सांगतां आलें पाहिजे.

आम्ही काय केलें

पुढच्या हंगामांत आम्ही पांच घरें एकत्र आलों. प्रत्येकाच्या प्रत्येक पोत्यांतून मूठभर हळद काढली, ती मिसळून प्रत्येक घराचा एकेक नमुना केला, आणि शुल्क भरून प्रयोगशाळेंत दिला. निकाल आला तेव्हां आम्ही थक्क झालों. एकाच शिवारांतील दोन घरांत एकाचा टक्का ३.१, दुसऱ्याचा ४.६! मागल्या वर्षीं ह्याच दोन घरांचा माल एकाच ढिगांत विकला गेला होता.

त्या कागदाचा उपयोग काय झाला, तेंही खरें सांगतों. पहिल्या खरेदीदारानें कागद पाहिलाच नाहीं. दुसरा म्हणाला, "माल थोडा आहे." तिसऱ्यानें वरच्या टक्क्याचा माल वेगळा घेतला व क्विंटलला थोडा अधिक भाव दिला. लाभ मोठा नव्हता. पण त्या दिवशीं प्रथमच आम्हीं आमच्या मालाविषयीं बोललों आणि समोरच्यानें ऐकून घेतलें.

संघाच्या सभासदांस माझ्या सूचना अशा :

पहिली, टक्का काढल्याशिवाय दोन रानांतला किंवा दोन जातींचा माल एकत्र करूं नये.

दुसरी, नुसत्या टक्क्याच्या मोहानें जात बदलूं नये. एकरीं ३० क्विंटल व टक्का ३, तर सत्त्व ९० किलो. एकरीं २२ क्विंटल व टक्का साडेचार, तर सत्त्व ९९ किलो. सत्त्व दुसऱ्यांत अधिक, पण भाव वजनावरच राहिला तर दुसरा शेतकरी ८ क्विंटलांस मुकला. म्हणून टक्क्यावर भाव देण्याचा लेखी करार हातीं आल्यावरच बदल करावा.

तिसरी, प्रत्येकानें वही ठेवावी. बेण्याची जात, लागणीची व काढणीची तारीख, शिजविण्याची वेळ, फवारणी, पोत्यांची संख्या, सर्व लिहावें. खनिज तेलापासून बनविलेलें कर्क्युमिन हळदीचें म्हणून विकण्याची लबाडी जगांत चालते. ती पकडण्यासाठीं मोठे खरेदीदार तपासण्या करितात व माल कोठल्या शेतांतून आला, ह्याचा माग मागतात. तो माग वहींतच सांपडतो.

चौथी, रंग चकचकीत दिसावा म्हणून हळदीस कसलीही भुकटी चोळूं देऊं नये. बांगला देशांत लेड क्रोमेट ह्या शिशाच्या विषारी रंगाची भेसळ चाले. २०१९ सालीं तपासलेल्या नमुन्यांपैकी शेंकडा ४७ नमुन्यांत शिसें सांपडलें. सरकारनें कडक उपाय केल्यावर २०२१ मध्यें हें प्रमाण शून्यावर आलें. लेकरांच्या मेंदूस अपाय करणारा हा रंग आपल्या शिवारांत कोणीं आणूं नये.

पांचवी, तपासणी एकट्यानें न करितां संघामार्फत करावी. पन्नास घरांचा सारख्या टक्क्याचा माल एकत्र झाला, म्हणजे 'माल थोडा आहे' हें उत्तर कोणास देतां येणार नाहीं.

यंदा दादांनीं घरांतल्या कपाटावर दोन कागद चिकटविले आहेत. एक डॉक्टरांचा, बाटली बंद करण्याविषयींचा. दुसरा प्रयोगशाळेचा, आमच्या हळदीच्या टक्क्याचा. आल्यागेल्यास ते दोन्ही दाखवितात. पुढल्या सौद्यांत कोणी पुडी बांधूं लागला, तर त्यास काय म्हणायचें तेंही त्यांनीं ठरविलें आहे : "बांधा खुशाल. आमचा टक्का आमच्याजवळ आहे. तुमचा निघाला कीं आम्हांलाही कळवा."