थेंब पातीवर टिकतो, पण कधी?

साक्री-पिंपळनेरकडे कांद्यावर फवारणी करताना पंपात स्टिकर (औषध पातीवर पसरवून चिकटवणारं द्रव्य) टाकायचं राहिलं, की थेंब पातीवरून मोत्यांसारखे घरंगळतात. पातीवर मेणाचा थर, आणि पाण्याचा पृष्ठताण दांडगा: २५ अंशांना मीटरला ७२ मिलिन्यूटन. साधा नॉन-आयनिक स्टिकर तो ३० च्या आसपास आणतो, सिलिकॉनवाला २०-२२ पर्यंत.

खरी गंमत आहे ती वेळेची. नोझलमधून थेंब सुटतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग कोरा करकरीत असतो. स्टिकरचे रेणू आत पाण्यात विखुरलेले. ते पृष्ठभागापर्यंत पोहोचून दाटी करतील तेव्हा कुठे ताण उतरणार. मात्रा कमी असेल तर याला कित्येक सेकंद, कधी मिनिटंही लागतात. थेंब मात्र सेकंदाच्या आतच पातीवर आदळतो! त्यामुळे वरचा ‘३०’ हा निवांत मोजलेला आकडा. उडत्या थेंबाचा ताण त्याहून बराच जास्त असू शकतो.

मग स्टिकरऐवजी साबणाचा चुरा का नको? आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियमने साबण फाटतो, पांढरा साका धरतो. नॉन-आयनिक रेणूवर विद्युतभारच नसतो, म्हणून कॅल्शियम त्याच्या वाटेला जात नाही.

स्टिकर जास्त ओतला तरी चांगलं नाही, औषध पातीवरून ओघळून मातीत जातं. लेबलवरची मात्रा घ्या, आणि आधी साध्या पाण्यात स्टिकर मिसळून चार पातींवर उडवून बघा.