गाव ‘नको’ का म्हणते?

आठवीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा ग्रामसभेवरील पाठ चालू होता. सुट्टीत फोंड्याला आजोळी जाऊन आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “घर बांधणे तर चांगली गोष्ट आहे. मग गोव्यातल्या गावांत लोक घरांच्या विरोधात मोर्चे का काढतात?” तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर अर्धेच राहिले. प्रश्न फक्त आठवीचा नाही, म्हणून ते उत्तर येथे पूर्ण करीत आहोत.

प्रथम गोव्याचा आकार लक्षात घ्यावा. संपूर्ण राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एकट्या इंदूर जिल्ह्यापेक्षाही कमी. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख होती, तर इंदूर जिल्ह्याची बत्तीस लाखांवर. तेथे गावे लहान, वाडे विखुरलेले. वर जांभ्या दगडाचा सडा, उतारावर काजू-आंब्याची झाडे, खाली भातशेती आणि नदीकाठी बांध घालून राखलेली खाजन जमीन. पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यात मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. सड्यावर सिमेंट पडले की पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. ज्या जांभ्यातून पाणी झिरपते, त्यातूनच सांडपाणीही झिरपून विहिरीपर्यंत पोहोचू शकते.

आता एक सोपे गणित करू. समजा, टेकडीवर ५०० सदनिका झाल्या. प्रत्येक घरात चार माणसे धरली तर २,००० माणसे झाली. शहरी नियोजनात दर माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे रोज २,७०,००० लिटर, अर्थात दहा हजार लिटरचे २७ टँकर! गावाची वस्तीच दोन-तीन हजारांची असेल तर पाणी, कचरा आणि अरुंद रस्ता या सर्वांवरचा भार एकदम दुपटीच्या आसपास जातो. म्हणून गावाचा आक्षेप बहुधा घराला नसतो, तो प्रमाणाला असतो. दरवर्षी पाच-दहा घरे वाढली तर गाव ती सामावून घेते. पाचशे एकदम आली तर त्याला ते जमत नाही.

मग निर्णय कोण घेतो? १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदारयादीतील प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. परंतु बांधकामाची वाट अनेक दारांतून जाते. प्रादेशिक आराखड्यात ती जमीन वस्तीसाठी दाखवलेली हवी, शेतजमिनीच्या बिगरशेती वापरासाठी सनद हवी, नगर व ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता हवी आणि त्यानंतर पंचायतीचा परवाना हवा. परवाना नाकारला गेला तर बिल्डर वरच्या अधिकाऱ्यांकडे अपील करू शकतो. ग्रामसभेने एकमुखाने ठराव केला तरी तेवढ्याने काम थांबतेच असे नाही. गावकरी रस्त्यावर येतात, त्यामागे हे कारण आहे.

याचा मोठा अनुभव २००६ साली आला. त्या वर्षी अधिसूचित झालेल्या ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मध्ये डोंगर, बागायती व शेतीची बरीच जमीन वस्तीसाठी खुली केल्याचे लोकांच्या ध्यानात आले. डॉक्टर, वास्तुविशारद, शेतकरी, शिक्षक असे सर्व थरांतले लोक ‘गोवा बचाव अभियाना’त एकत्र आले. गावोगाव नकाशे पसरून लोक आपापले सर्व्हे नंबर शोधू लागले. जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतर सासष्टीतील कार्मोणासारख्या गावांनी मोठ्या गृहप्रकल्पांना ग्रामसभेत विरोध केला. २०२४ मध्ये सांकवाळच्या टेकडीवरील शेकडो सदनिकांच्या प्रकल्पाविरुद्ध गावकरी उभे राहिले आणि त्या आंदोलनात उपोषणही झाले.

मध्यंतरी कायदाही बदलत राहिला. आराखड्यातील चुका दुरुस्त करण्याच्या नावाने जमिनीचा विभाग बदलता येईल असे कलम २०२३ मध्ये आले. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द ठरवले. २०२४ मध्ये आणखी एक कलम आले होते. त्यात प्रस्तावित बदलावर हरकती घेण्यासाठी नागरिकांना ३० दिवस मिळतात. विद्यार्थ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. नोटीस वाचता आली, नकाशा समजला, तरच ते तीस दिवस कामाचे. नाहीतर बुलडोझर आल्यावरच गावाला कळते.

दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. जमीन विकणारा पुष्कळदा त्याच गावचा असतो. मुलीचे लग्न, आजारपण, वाटण्या अशी त्याची कारणे असतात. गावातल्या तरुणांनाही घर हवे असते आणि वाढत्या किमतीत त्यांनाच ते परवडत नाही. शिवाय विरोधाच्या भरात ‘बाहेरचे’ हा शब्द फार सहज येतो. तो आपण तरी जपून वापरावा, कारण आपले पूर्वज होळकरांच्या काळात माळव्यात आले तेव्हा तेही बाहेरचेच होते. फरक एवढाच, की ते येथे राहिले, येथल्याच विहिरीचे पाणी प्याले, येथली बोली शिकले. वर्षातून आठ दिवस उघडणाऱ्या सदनिकेचे गावाशी असे नाते जुळणे कठीण असते.

इंदूरलाही हा विषय परका नाही. २०१४ मध्ये आसपासची २९ गावे नगर निगमच्या हद्दीत आली. आपल्या कित्येक पालकांची घरे पूर्वीच्या शेतांवर उभी आहेत. आपल्या नळाला नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरून चढवून आणावे लागते. सगळ्याच गावांच्या नशिबी अशी नर्मदा नसते.

शेवटी घरचीच गोष्ट. आपले विश्वस्त मंडळ नव्या इमारतीसाठी शहराबाहेर जागा पाहत आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. जागेची गरज आम्ही रोज पाहतो, वर्ग अपुरे पडतात. तरीही विश्वस्तांना आमची नम्र विनंती आहे, की रजिस्ट्रीपूर्वी एकदा त्या गावच्या ग्रामसभेत जाऊन बसावे. बोरिंग केल्यास शेजारच्या विहिरीचे काय होईल, सांडपाणी कोठे जाईल, गावची मुले आपल्या शाळेत येऊ शकतील का, हे तेथेच विचारावे. गाव ‘नको’ म्हणाले तर कारण ऐकून घ्यावे. ते कारण बरोबर असेल तर आपण दुसरी जागा पाहू.

आठवीसाठी गृहपाठ: आपली कॉलनी उभी राहण्यापूर्वी त्या जमिनीवर काय होते, तेथे विहीर होती का, हे घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावे. पुढचा तास तेथूनच सुरू करू.