पंगतीतील एक पान

मराठी घरी आलेल्या माणसाच्या हातावर काही ना काही ठेवल्यावाचून त्याला निरोप देण्याची रीत नाही. त्यातून मूल असेल तर विचारायलाच नको. इंग्लंडात येऊन दोन-तीन पिढ्या लोटल्या, भाषा थोडी अडखळू लागली, परंतु देणारा हात मात्र आखडला नाही. मंडळाच्या प्रत्येक उत्सवात त्याचा प्रत्यय येतो. अशा उदार हातापुढे एखादी आई आपल्या तीन वर्षांच्या मुलाला किंचित मागे ओढते आणि हळूच विचारते, "काकू, यात काय काय घातले आहे?" देणाऱ्याचा चेहरा क्षणभर उतरतो. आपल्या हातचे यांना चालत नाही की काय, अशी शंका मनाला चाटून जाते. वास्तविक त्या प्रश्नात अनादर नसतो, भय असते. आणि ते भय निराधार नसते.

गहू, दूध, अंडे आणि तीळ या चार पदार्थांची ॲलर्जी असलेले एक मूल डोळ्यांपुढे आणावे. इंग्लंडातील बालकाचा दिवस पावावर उभा आहे. सकाळी टोस्टच्या लांबट फोडी, दुपारी डब्यात सँडविच, सायंकाळी कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. या तिन्ही ठिकाणी आपल्या या बालकाचे पान रिकामे राहते. जे अन्न इतर मुलांना सहज मिळते, ते त्याच्यासाठी रोज नव्याने शोधावे लागते.

आपल्या भाषेत 'वावडे' हा शब्द आहे. परंतु तो आपण नावडीपासून पथ्यापर्यंत सर्वत्र वापरतो आणि त्यामुळे त्याची धार गेली आहे. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्ना येथील बालवैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजिला. रोगजंतूंशी झुंजण्यासाठी निसर्गाने शरीरात जे रक्षक ठेवले आहेत, ते एखाद्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू समजू लागतात. ते प्रथिन पुन्हा पोटात गेले, की काही मिनिटांतच अंगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, उलटी होते. प्रकरण विकोपाला गेले तर श्वास कोंडतो, रक्तदाब उतरतो आणि जीव धोक्यात येतो. म्हणून "एवढ्याशाने काय होणार?" हे वडीलधाऱ्यांचे वाक्य कितीही मायेने उच्चारले, तरी ते धोक्याचेच. औषधाची मात्रा हळूहळू वाढवितात, तसा हा प्रयोग घरी करावयाचा नसतो. तो करावयाचा की नाही हे तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. दुकानात 'ग्लूटेनविरहित' पावांची जी फळी दिसते, ती मुख्यतः सीलिॲक रोग्यांसाठी असते. त्या रोगात गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याचे अस्तर झिजते. डच बालवैद्य विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गहू आणि हा रोग यांचा संबंध मांडला. गव्हाची ॲलर्जी ही त्याहून निराळी गोष्ट. ग्लूटेनविरहित पावाला हलकेपणा यावा म्हणून त्यात पुष्कळदा अंडे किंवा दूध घालतात. कित्येक पावांत ग्लूटेन काढलेला गव्हाचा स्टार्चही असतो. आपल्या बालकाला हे दोन्ही वर्ज्य. तीच गोष्ट खपली गव्हाची. तो जुना, पचायला हलका, म्हणून चालेल असे पुष्कळांना वाटते. पण खपली हाही गहूच. रवा, मैदा, शेवया ही त्याच धान्याची रूपे. आणि ज्याची कोणाला शंकाही येत नाही, ती हिंगाची डबी! बाजारातील खड्याचा नव्हे, तर पुडीचा हिंग पुष्कळदा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. चिमूटभर हिंगाची फोडणी दिलेले निर्दोष वरण या बालकाला अपायकारक ठरू शकते ते असे.

पावाच्या पोटात काय दडले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, याचा दारुण पुरावा या देशाने पाहिला आहे. २०१६ च्या जुलै महिन्यात नताशा एदनान-लापेरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी विमानप्रवासापूर्वी घेतलेला बागेत पाव खाऊन मृत्यू पावली. तिला तिळाची ॲलर्जी होती; तीळ पावाच्या कणकेतच मिसळलेले होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी चालविलेल्या प्रयत्नांतून तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आला. जेथे विक्री, तेथेच आधी बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थावरही आता सर्व घटकांची यादी असावी लागते आणि त्यातील ॲलर्जीकारक घटक ठळक छापावे लागतात. असे चौदा घटक येथील नियमांत नमूद आहेत. त्यांत गहू, दूध, अंडे, शेंगदाणा, काजू-बदामादी कवचफळे आणि तीळ तर आहेतच. पण आपल्या प्रत्येक फोडणीत तडतडणारी मोहरीही आहे. कायद्याने दुकानातील पुडीला बोलते केले. सभागृहातील पातेल्याला मात्र अद्याप वाचा फुटलेली नाही.

मग या बालकाने खावे तरी काय? उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही; ते आजीच्या परातीत आहे. गव्हाची कणीक मळताना ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होते, ते हवा धरून ठेवते, म्हणून पाव फुगतो. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत हे जाळे नाही. म्हणूनच आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पिठावर कढत पाणी ओतले. उष्णतेने पिठातील स्टार्च चिकट होतो, गोळा एकजीव होतो आणि थापलेली भाकरी तुटत नाही. तव्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरविला, उलटली, की आतल्या वाफेने पापुद्रा सुटतो. अंडे नाही, दूध नाही, यीस्ट नाही. युरोपातील बेकर ज्या कोड्यात पडला आहे, ते कोडे दख्खनच्या चुलीने फार पूर्वीच सोडविले होते.

तथापि ज्वारीची भाकरी निवली की कडक होते, आणि तीन वर्षांच्या दातांना ती झेपत नाही. डब्यासाठी तांदळाच्या पिठाची उकड काढून केलेली भाकरी अधिक मऊ राहते. एक वाटी पाण्याला उकळी आणून त्यात चवीपुरते मीठ आणि चमचाभर तेल घालावे, एक वाटी पीठ टाकून ढवळावे, झाकण ठेवून वाफ आणावी आणि गरम असतानाच पाण्याच्या हाताने मळावे. कोकणातील घावन आणि तांदूळ-उडदाची आंबोळी हीही या कामी उपयोगी. आंबवलेल्या पिठामुळे आंबोळीला पावासारखी जाळी पडते, आणि दोन आंबोळ्यांमध्ये उकडलेल्या बटाट्याची भाजी घातली, की शाळेतील इतर मुलांच्या सँडविचशेजारी ती शोभून दिसते. बालकाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

पीठ मात्र पारखून घेतले पाहिजे. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर किंवा वेम्बलीच्या ईलिंग रोडवर ज्वारी-बाजरीचे पीठ सहज मिळते. परंतु ज्या गिरणीत गहू दळला, त्याच गिरणीत ज्वारी दळली असेल तर गव्हाचा अंश तिच्यात उतरतो. पुडीवरील सूचना वाचल्यावाचून ती उघडू नये. घरातही तेच. गव्हाच्या पोळ्यांचे पोळपाट-लाटणे, पिठाची चाळणी, पुऱ्या तळलेल्या कढईतील तेल यांचा बालकाच्या अन्नाशी संबंध येऊ देऊ नये. त्याचे अन्न आधी शिजवावे आणि मग इतरांचे. हात साबण-पाण्यानेच धुवावेत. जंतुनाशक जेल चोळल्याने जंतू मरतात, प्रथिन तसेच राहते.

पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नव्हे. ब्रिटनमध्ये सपीट सोडून इतर गव्हाचे नव्हे, तर संपूर्ण कोंड्यासहित दळलेले पीठ वगळता सर्व गव्हाच्या पिठात कॅल्शियम, लोह आणि दोन ब जीवनसत्त्वे कायद्याने घालावी लागतात. पाव गेला की हेही जाते. दूध गेले की तूट आणखी वाढते. एक ते तीन वर्षांच्या बालकाला दिवसाला ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे तेवढे कॅल्शियम असते आणि तितक्याच गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम. पण नाचणीतील सगळेच अंगी लागत नाही, आणि बालक खाऊन खाऊन किती खाणार? म्हणून नाचणीची भाकरी अवश्य द्यावी, परंतु तिच्यावर सारा भार टाकू नये. आहारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. गाईच्या दुधाऐवजी शेळीचे देण्याची सूचना आप्तेष्टांकडून हमखास येते. ती स्वीकारू नये, कारण दोन्हींतील प्रथिने इतकी सारखी असतात, की बहुतेक मुलांना दोन्ही बाधतात. कढविलेल्या तुपातही दुधाच्या प्रथिनाचा अंश राहतो. तांदळापासून केलेले पेय त्यातील आर्सेनिकमुळे पाच वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे येथील आरोग्यसेवा सांगते.

या साऱ्या सावधगिरीचा धाकट्या भावंडांच्या बाबतीत अतिरेकही होऊ नये. लंडनमध्ये ६४० तान्ह्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की ॲलर्जीचा धोका असलेल्या ज्या मुलांना लहानपणापासून योग्य रूपात शेंगदाणा दिला गेला, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी कितीतरी कमी झाली. ज्याला ॲलर्जी जडली आहे त्याला वर्ज्य पदार्थ देऊ नये. ज्याला जडलेली नाही त्याला उगाच वंचित ठेवू नये. दूध आणि अंडे यांची ॲलर्जी पुष्कळ मुलांच्या बाबतीत वाढत्या वयाबरोबर मावळते, हेही आईवडिलांनी ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

आता प्रश्न उरतो तो पंगतीचा. सत्यनारायणाचा शिरा म्हणजे रवा, दूध आणि तूप, पंचामृतात दूध, दही, तूप, संक्रांतीला तीळ. आपल्या बालकाला जे चालत नाही, त्याचाच आपण प्रसाद करतो. तो नाकारताना आईला संकोच होतो आणि मुलाला आपण निराळे असल्याचे प्रथमच जाणवते. परंतु आपल्याच परंपरेत त्याची सोय आहे. गणपतीचा आवडता उकडीचा मोदक तांदळाची उकड, ओले खोबरे आणि गूळ यांचाच तर असतो. उकडीत तुपाऐवजी तेल घातले, सारणात खवा व सुकामेवा टाळला, की तोच मोदक या बालकाच्याही हातावर ठेवता येतो. संक्रांतीला चुरमुऱ्याचा लाडू किंवा साबुदाण्याचा हलवा, पूजेला केळे. देव भावाचा भुकेला आहे असे आपण म्हणतो. मग त्याने रव्याचा हट्ट धरला आहे असे का मानावे?

मंडळांना यासाठी फार काही करावे लागणार नाही. प्रत्येक पातेल्यासमोर घटकांची चिठ्ठी, प्रत्येकाला स्वतंत्र पळी, या मुलांचे पान सर्वांच्या आधी वाढण्याची पद्धत आणि घरून आणलेला डबा उघडला तर त्याबद्दल कोणी नाक मुरडणार नाही एवढे सौजन्य. कार्यकर्त्यांपैकी दोघांना तरी ॲड्रिनलिनच्या पेनचा उपयोग ठाऊक असावा. श्वासाला त्रास, आवाज बसणे किंवा अंग गळून जाणे ही लक्षणे दिसताच ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस टोचावे, ९९९ ला दूरध्वनी करून 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द उच्चारावा, मुलाला आडवे ठेवावे, श्वास लागला असेल तर टेकून बसवावे, पण उभे करू नये. पाच मिनिटांत उतार न पडल्यास दुसरे पेन वापरावे. २०१७ पासून शाळांना अशी पेने डॉक्टरांच्या चिठ्ठीविना जवळ ठेवण्याची मुभा मिळाली आहे. शाळेने जी दक्षता घ्यावयाची, ती जेथे मुलाला मायबोली ऐकू येते त्या सभागृहाने का घेऊ नये?

पंगतीचा अर्थ सर्वांनी एकच पदार्थ खाणे असा नाही. कोणाचेही पान रिकामे न राहणे असा आहे. यजमान पंगतीवरून नजर फिरवितो ती त्यासाठीच. त्या नजरेला आता चिठ्ठीवरील चार अक्षरांची जोड दिली, तर "यात काय काय घातले आहे?" हे विचारण्याची वेळ आईवर येणार नाही, वाढणारी काकूच आधी सांगेल आणि मूल पुढे हात करील.