निरोप्या आणि हिशेबनीस

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थ विचारायचे आपल्याला सुचत नाही. संगणक करतो तरी काय? यंत्र एकच असले तरी त्याची कामे भिन्न स्वभावाची असतात. त्यांपैकी दोन कामांची ओळख प्रस्तुत लेखात करून द्यावयाची आहे. एक, ठरवून दिलेल्या वेळी ई-मेल धाडणारी सोय. आणि दुसरे, लाखो नोंदींतून उत्तर काढून देणारा विश्लेषणाचा माहितीकोश, म्हणजे डेटाबेस. पहिल्याला मी निरोप्या म्हणते आणि दुसऱ्याला हिशेबनीस.

प्रथम निरोप्याकडे वळू. लाल टपालपेटीवर पुढची डाक केव्हा निघणार ती वेळ लिहिलेली असते. पत्र सकाळी टाका की दुपारी, ते निघणार त्या वेळीच. ई-मेलच्या निरोप्याची रीत अशीच आहे. फरक एवढाच, की येथे वेळ पत्र लिहिणारा स्वतः ठरवतो. मजकूर, पत्ता आणि वेळ या तीन गोष्टी तो निरोप्याच्या हवाली करतो. निरोप्या ही पत्रे वेळेच्या क्रमाने रांगेत लावून ठेवतो, सारखा घड्याळाकडे पाहतो आणि ज्याची वेळ भरली ते पत्र पुढे धाडतो. जीमेलमध्ये ही सोय 2019 साली आली.

काम सोपे दिसते, पण त्यात दोन पथ्ये आहेत. पहिले, पत्र एकदाच गेले पाहिजे. मध्येच वीज गेली आणि यंत्र पुन्हा सुरू झाले, तर गेलेले पत्र पुन्हा जाता कामा नये. म्हणून प्रत्येक पत्रापुढे ‘गेले’ किंवा ‘राहिले’ अशी खूण ठेवावी लागते. दुसरे, घड्याळ कोणाचे? पुष्कळ संगणक जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. सकाळी 9 ची वेळ सांगताना ही गोष्ट विसरली, तर पत्र आपल्याकडे दुपारी अडीच वाजता निघेल.

आता हिशेबनीस. आपण सर्वजण प्रवेशाचा अर्ज भरतो. समजा, त्यात 20 रकाने आहेत आणि विद्यार्थी 1,000 आहेत. एका विद्यार्थ्याची सगळी माहिती हवी असेल, तर त्याचा अर्ज काढला की काम झाले. नेहमीचा माहितीकोश असाच असतो. एकेकाची माहिती एकत्र बांधून ठेवलेली. परंतु प्राचार्यांनी विचारले, “कोणत्या गावाहून किती मुले येतात?” तर हजारच्या हजार अर्ज उलगडावे लागतील आणि प्रत्येकातले 19 रकाने विनाकारण डोळ्यांखालून जातील.

हिशेबनीस मांडणीच उलटी करतो. तो सर्वांची गावे एका गठ्ठ्यात ठेवतो, सर्वांचे विषय दुसऱ्या गठ्ठ्यात, सर्वांचे शुल्क तिसऱ्यात. आता गावाचा प्रश्न आला की 20,000 नोंदींऐवजी फक्त 1,000 नोंदी वाचायच्या. शिवाय एका गठ्ठ्यात सारखीच नावे लागोपाठ आली, तर ‘पिंगळी’ चाळीसदा लिहिण्याऐवजी ‘पिंगळी, 40’ एवढे लिहून भागते. जागा वाचते आणि वाचनही झपाट्याने होते. 2016 साली सर्वांसाठी खुला झालेला ‘क्लिकहाऊस’ हा माहितीकोश याच पद्धतीचा आहे. मात्र या हिशेबनिसाला एक नोंद दुरुस्त करायला सांगितली की तो अडखळतो, कारण एका अर्जाचे तुकडे वीस गठ्ठ्यांत विखुरलेले असतात.

मग या दोघांत श्रेष्ठ कोण? हा प्रश्नच चुकीचा आहे. निरोप्याची नजर पुढे असते. अजून न आलेल्या घटकेची तो वाट पाहतो. हिशेबनिसाची नजर मागे असते. जे घडून गेले त्याची तो बेरीज करतो. निरोप्याला वेळ कळते, पण मजकूर कळत नाही. हिशेबनिसाला सर्व ठाऊक असते, पण विचारल्याशिवाय तो बोलत नाही.

या फरकाची किंमत आमच्या घराने मोजली आहे. गेल्या खरिपात एके सकाळी बाबांच्या मोबाईलवर संदेश आला. बाबांनी फोन माझ्या हाती दिला. “काय म्हणतंय गं त्यात?” मी वाचून दाखवले: दोन दिवस उघाड राहील, सोयाबीनवरची फवारणी उरकून घ्यावी. आभाळ भरून आले होते. बाबा क्षणभर वर पाहत राहिले, पण शिकलेल्या लेकीने वाचलेले खोटे कसे असेल? त्यांनी पंप पाठीवर घेतला. दुपारी पाऊस आला आणि सगळे औषध धुऊन गेले. संध्याकाळी मामांचा फोन आला. दुसऱ्या जिल्ह्यात त्यांनाही त्याच मिनिटाला तोच संदेश, अक्षरन् अक्षर तसाच, आला होता. तेव्हा उमगले, की तो कोणीतरी आधीच लिहून वेळ लावून ठेवलेला असावा. निरोप्या वेळेवर आला होता. निरोप मात्र शिळा होता. पाठवणारा कोण, हे येथे महत्त्वाचे नाही. बाबा मला एका शब्दानेही बोलले नाहीत, तेच मला जास्त लागले.

याउलट उदाहरणही आपल्या जिल्ह्यातच आहे. परभणीला 1972 साली स्थापन झालेल्या, आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. वार ठरलेले आहेत, पण मजकूर त्या त्या वेळच्या अंदाजावरून नव्याने लिहिला जातो. आणि पावसाच्या नोंदीचे म्हणाल, तर महावेध प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळांत पाऊस, तापमान, आर्द्रता व वारा टिपतात. चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात. ‘अशी मंडळे कोणती?’ हा अगदी हिशेबनिसाचा प्रश्न आहे. त्याला मंडळ, तारीख आणि पाऊस एवढे तीनच रकाने पुरतात. वारा आणि आर्द्रता चाळण्याचे कारण नाही.

निरोप्याने निघण्यापूर्वी हिशेबनिसाला एवढेच विचारावे: “आज त्या शिवारात पाऊस आहे का?” ‘आहे’ असे उत्तर आले तर निरोप तेथेच थांबवावा. दोघांची गाठ घालून देणे यंत्राला आपण होऊन सुचत नाही. ते माणसाने सुचवावे लागते. वेळ आधी ठरवून ठेवायला हरकत नाही. मजकूर मात्र आधी ठरवून ठेवू नये.

आता बाबांना संदेश वाचून दाखवण्याआधी मी अंगणात जाऊन आभाळ पाहते.