मैदानावर पडलेला दात

कबड्डी, खो-खो ऐन रंगात असताना एखादा मुलगा तोंडावर आपटतो आणि वरचा पुढचा दात मुळासकट निखळून मातीत पडतो. रक्त थांबवण्याच्या गडबडीत त्या दाताकडे कोणी पाहत नाही. वास्तविक पहिला अर्धा तास त्याच्यासाठी फार मोलाचा असतो.

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. दात निखळताना हे तंतू तुटतात. पण त्यांतल्या बऱ्याच पेशी मुळाला चिकटून जिवंत राहतात. कोरड्या हवेत त्या मरू लागतात व तासाभराने फारशा उरत नाहीत. जिवंत असतील तर परत बसवलेला दात पुन्हा धरतो. मेल्या असतील तर हाड थेट मुळाला चिकटते आणि काही वर्षांत मूळ झिजून जाते.

म्हणून दात पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर हलकेच धुवावा, घासू नये. मुलगा पूर्ण शुद्धीवर असेल तर दात खोबणीत सरळ बसवून रुमाल चावून धरायला सांगावे. ते जमले नाही तर थंड दुधात ठेवावा. साध्या पाण्यात ठेवल्यास परासरणाने पाणी पेशींत शिरते व त्या फुटतात. (परासरण शिकवताना बटाट्याच्या जोडीला हे उदाहरण द्यायला हरकत नाही!) दुधाचा दात मात्र परत बसवू नये, वरच्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होते. वरचे मधले कायमचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात.

कराड आणि सांगली येथे दंतमहाविद्यालये आहेत. पण जतकडच्या किंवा पाटणच्या डोंगरातल्या शाळेतून तासाभरात तिथे पोचणे कठीणच. जागच्या जागी दात बसवणारा शिक्षक इथे खरा उपयोगी पडतो.

‘हल्ली नवा दात बसवता येतो की!’ असे पालक म्हणतात. येतो, पण मोठ्या माणसाला. १९५२ च्या सुमारास स्वीडनमधील ब्रॅनेमार्क यांना आढळले, की सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाले आहे. १९६५ मध्ये त्यांनी अशा टायटॅनियमच्या खुंटांवर पहिल्या रुग्णाला दात बसवले. पण हीच घट्ट पकड मुलांना अडचणीची ठरते. जबडा वाढतो, शेजारचे दात त्याबरोबर सरकतात आणि खुंटावरचा दात मागे राहतो. त्यामुळे वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे बहुधा विशीपर्यंत, थांबावे लागते. शेजारचे दात तासून पूल बसवणेही कोवळ्या वयात धोक्याचे, कारण त्यांच्यातील गर मोठा असतो. तोवर काढघाल करायची कवळी वापरायची, आणि तेवढ्या काळात रिकाम्या जागेचे हाडही झिजत जाते.

दात नुसता तुटला असेल तर तुकडा शोधून ओला ठेवावा. बऱ्याचदा तो राळेसारख्या कॉम्पोझिटने पुन्हा जोडता येतो. निखळलेला दात डॉक्टर शेजारच्या दातांना बारीक तारेने सुमारे दोन आठवडे बांधून ठेवतात. मुळाचे टोक अजून उघडे असेल, तर त्यातून रक्तवाहिन्या पुन्हा आत वाढू शकतात. ते मिटलेले असेल तर रूट कॅनाल करावे लागते. धनुर्वाताच्या लसीचीही तेव्हाच चौकशी करावी.