सिलिंडर हेडचे बोल्ट आवळणे

सिलिंडर हेडचे बोल्ट आवळणे ही अंतर्ज्वलन इंजिनाच्या जुळणीतील एक प्रक्रिया आहे. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे सिलिंडर हेड यांच्यामध्ये गॅस्केट असते. ज्वलनकक्षातील वायू, शीतक आणि वंगण तेल यांना परस्परांपासून वेगळे ठेवण्याचे काम ते करते. त्यासाठी त्यावर सर्वत्र पुरेसा आणि शक्यतो सारखा दाब लागतो व हा दाब बोल्टांमधील ताणातून मिळतो. घरी दुरुस्ती करताना बोल्ट केवळ हाताच्या अंदाजाने आवळले, तर चूक लगेच दिसत नाही. इंजिन काही दिवस चालल्यावर शीतक कमी होऊ लागते किंवा ऑइलला दुधाळ रंग येतो.

ताण आणि घर्षण

आवळलेला बोल्ट किंचित लांबतो आणि ताठ स्प्रिंगप्रमाणे दोन्ही भागांना एकत्र ओढून धरतो. हा ताण थेट मोजणे अवघड असल्याने वाहनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत बहुधा टॉर्क, म्हणजे बोल्टला द्यावयाचा पीळ, न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. मात्र या टॉर्कपैकी साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांमधील घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष ताणासाठी जेमतेम १० टक्के उरतो. म्हणूनच घर्षणातील लहानसा बदलही ताणात मोठा फरक पाडतो.

टॉर्क = घर्षण गुणांक × व्यास × ताण, असे ढोबळ सूत्र वापरले जाते. १० मिलिमीटर व्यासाच्या, ८.८ प्रतीच्या कोरड्या बोल्टसाठी गुणांक ०.२ धरल्यास ५० न्यूटन-मीटर टॉर्कने सुमारे २५,००० न्यूटन ताण येतो. तोच बोल्ट तेल लावून तितकाच आवळला आणि गुणांक ०.१५ झाला, तर ताण ३३,००० न्यूटनच्या वर जातो. या बोल्टची सुरक्षित मर्यादा जवळपास तेवढीच असते. त्यामुळे आटे कोरडे ठेवावयाचे की त्यांना तेल लावावयाचे, हे पुस्तिकेत पाहणे टॉर्कच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

ब्लॉकमधील बंद छिद्रांत तेल किंवा पाणी साचू देऊ नये. द्रव दाबला जात नसल्याने बोल्ट पूर्ण बसण्याआधीच पाना अडतो, प्रसंगी ब्लॉकला तडाही जातो.

क्रम आणि टप्पे

सामान्यतः मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून आळीपाळीने बाहेरच्या बाजूस जातात आणि पूर्ण टॉर्क दोन-तीन टप्प्यांत देतात. एका टोकाकडून आवळत गेल्यास हेड वाकण्याचा व गॅस्केट असमान दबण्याचा धोका असतो. अनेक आधुनिक इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर बोल्ट आणखी काही अंश, उदाहरणार्थ ९०°, फिरवावा लागतो. अंश मोजल्याने घर्षणाचा प्रभाव बराच कमी होतो. अशा पद्धतीत बोल्ट कायमचा लांबेपर्यंत ताणला जात असेल, तर तो पुन्हा न वापरता नवा घालतात. जुना चांगला दिसतो म्हणून तोच वापरणे ही काटकसर महागात पडते.

टॉर्क पाना

ठरवलेला टॉर्क आला की 'टक्' असा आवाज करणारा पाना सर्वाधिक प्रचलित आहे. आवाज होताच थांबावे. खात्रीसाठी पुन्हा पुन्हा ओढल्यास बोल्ट जास्त आवळला जातो. काम झाल्यावर पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवतात, म्हणजे आतील स्प्रिंग दबलेली राहत नाही. जाम झालेले बोल्ट सोडवण्यासाठी तो वापरू नये. हेड उतरवताना इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट उलट क्रमाने, म्हणजे बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे सैल करतात.